डबा रिकामा देऊ नये

मा. श्री. दिगंबर रेडीज (१९७४ची तुकडी) यांस,
सा. न. वि. वि.
इथवर बाईंनी सांगितलं तसं.

पुढचं मी बडोद्याच्या फलाट क्रमांक दोनवर
सॅक मांडीवर आडवी धरून लिहितेय.
गाडी पन्नास मिनिटं उशिरा,
आणि तुम्ही पलीकडे गेलायत
आमच्यासाठी लीलो चिवडा आणायला,
नको नको म्हटलं तरी.

आभार, चार दिवस राहू दिल्याबद्दल.
दांडिया बाजारातल्या तुमच्या दोन खोल्यांत आम्ही सहा मुली,
आणि काकू स्वयंपाकघरात, ओट्याखाली चटई टाकून.
हे आम्हाला तिसऱ्या रात्री कळलं, पाणी प्यायला उठल्यावर.
त्याचे आभार वेगळे मानायचे असतात का,
बाईंना विचारलं नाही.

मुलगे तांदळज्याला डॉक्टर परकारबाईंकडे होते.
त्यांनी सांदणं केली, नारळाच्या रसाबरोबर.
सर्वेश म्हणतो, चिपळूणहून एवढं लांब आलो
ते बहुतेक चिपळूणला जेवायलाच.

परिषद छान झाली.
नेपाळची मुलं, ब्राझीलची मुलं,
हॉलंडची ती उंच मुलगी,
जिला पुलावरून विश्वामित्रीतली मगर दाखवून म्हणालात,
ही इथली जुनी भाडेकरू, भाडं काही देत नाही.
आणि आम्हाला हळूच, मराठीत :
“तुम्ही वाशिष्ठीची पोरं. आलात विश्वामित्राच्या दारात.
जपून हं. भांडण जुनं आहे.”

माझा निबंध शेवटून दुसरा.
वाशिष्ठीचा पूर : किती तास, किती मीटर,
कुठल्या भिंतीवर कुठे लाल खूण.
सगळं इंग्रजीत, धडाधड, न अडखळता.
तुम्ही मागच्या रांगेत
उभं राहून टाळ्या वाजवल्यात.

त्याच रात्री, ताटावर, तुम्ही विचारलंत,
“हॉलमध्ये तो फलक आहे ना अजून? गुणवंतांचा?
काळा, पिवळ्या अक्षरांचा. सातवी ओळ माझी.
वडील पानाच्या टपरीवर बसायचे.
रविवारी टपरी बंद, म्हणून रविवारी यायचे ओळ वाचायला.
रविवारी शाळाही बंद.
मग खिडकीच्या गजांतून वाचायचे.”

आणि आम्ही सहाही जणी, घास तोंडात, एका सुरात :
“हो काका. आहे ना. सातवी ओळ.”

नाहीये, काका.
पाणी हॉलच्या पंख्यांना लागलं होतं.
फलक चौदाव्या दिवशी चिखलातून निघाला,
फुगलेला, कोरा.
दुपारी हेच पाणी मी साऱ्या जगाला मोजून दाखवलं
आणि तुमच्या ताटासमोर
एक मराठी वाक्य जमलं नाही.

पण पंखे तर पडद्यावर होते, पाचव्या चित्रात.
तुम्ही पाहिले होतेत.
तरी विचारलंत.
काकू तेव्हा आमटी ढवळत राहिल्या, उगीचच,
तुमच्याकडे न बघता.
हे मला आत्ता, लिहिताना सुचतंय.

फलक टाकून दिलेला नाही.
प्रयोगशाळेच्या मागे भिंतीला टेकून आहे.
खरं सांगायचं तर आम्ही त्यावर खडूने
तीन स्टंप काढलेत.
परत गेले की सातव्या ओळीच्या जागी
बोटं फिरवून बघीन.
रंगाचा उंचवटा कुठे लागला तर कळवीन.
नाही लागला तरी कळवीन.

काकूंच्या थेपल्यांचा डबा इथेच बाकावर संपला.
आई म्हणते, कुणाचा डबा रिकामा परत देऊ नये,
निदान साखरेची चिमूट घालावी.
फलाटावर साखर कुठली!
हाच कागद चौघडी करून ठेवतेय आत.
झाकण घट्ट बसतं. काकूंकडून उघडून घ्या.

तुम्ही जिन्यावर दिसताय.
दोन्ही हातांत पिशव्या, ओठ हलतायत,
आम्हाला मोजताय.

अकरा आहोत, काका.
सगळे आहोत.